सेनोतेत उतरण्याआधी डोक्याचं तेल धुवावं लागतं

मेक्सिकोतल्या त्या विहिरीवरच्या पाटीची स्पॅनिश मला कळत नव्हती, पण चित्रं पुरेशी बोलकी होती. क्रीमच्या ट्यूबवर लाल फुली. डासांच्या फवाऱ्यावर लाल फुली. शेजारी शॉवरखाली उभा असलेला माणूस, त्याच्यावर मात्र फुली नाही. मी लेकीला म्हटलं, "मी क्रीमबीम काही लावलेलं नाही, मला कशाला धुताय?" तिनं माझ्या वेणीकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, खोबरेल!"

सकाळी सवयीनं चांगलं चापून लावलं होतं. आता ते नुसत्या गार पाण्यानं जाणार कसं? शिकेकाई सोडा, शांपूसुद्धा तिथे वापरायचा नव्हता. नातू तोपर्यंत तरंगायचं जॅकेट घालून पायऱ्यांकडे पळाला होता. मी म्हटलं, "जा तुम्ही, मी कठड्यावरून बघते." लेकीला वाटलं आई तेलामुळे मागे राहिली. मीही तिचा गैरसमज दूर केला नाही. खरं सांगायचं तर तेलाचं छान निमित्त मिळालं होतं.

हे इक किल. मेक्सिकोच्या युकातान भागातलं, चिचेन इत्झाच्या भग्न शहरापासून तीनेक किलोमीटरवरचं सेनोते. सेनोते म्हणजे जमिनीचं छत कोसळून आपोआप तयार झालेली विहीर. इथल्या माया लोकांच्या भाषेतला मूळ शब्द त्सोनोत, स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्याचं सेनोते झालं. कठड्यावरून खाली डोकावलं तर गोल खड्डा, रुंदी साठेक मीटर, आणि पाणी सव्वीस मीटर खाली. वरच्या झाडांच्या वेली आणि मुळं थेट पाण्यापर्यंत लोंबत होती. त्यांच्या मधून बारीक धारा पडत होत्या. आणि तळाशी नारिंगी जॅकेटं घातलेली शंभरेक माणसं. वरून बघताना कढईत बुंदी पडल्यासारखी दिसत होती. नातू त्यातला नेमका कुठला ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

मला पोहता येत नाही असं मात्र नाही. माझं माहेर सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात. मळ्यात काळ्या दगडात फोडलेली चौकोनी विहीर होती, एका अंगानं पायऱ्या, दुसऱ्या अंगाला मोटेची जुनी धाव. चुलत्यांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून काठावरून ढकलून दिलं, हेच आमचं पोहण्याचं शिक्षण. मग डबा सुटला, मग सूर मारता यायला लागला, मुटका यायला लागला. तळ गाठून मूठभर गाळ वर आणून दाखवला की मगच पोहता येतं असं मानायचे. मी दोनदा आणला होता. बारावं लागलं आणि आजीनं "आता पुरे" म्हणून सांगितलं. भाऊ पोहतच राहिले, मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायला लागले. त्यानंतर एकोणपन्नास वर्षं मी विहिरीच्या पाण्यात पाऊल घातलेलं नव्हतं.

शिवाय आसरा. विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड होते. साती आसरा. पाण्यात माणसाला ओढतात म्हणून त्यांना दरवर्षी ओटी, हिरव्या बांगड्या, नारळ. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून मी निवृत्त झाले, मुलांना अंधश्रद्धेवर भाषणं दिली, तरी खोल हिरवं पाणी बघितलं की मला आधी ते सात दगड आठवतात.

इथवर येणं तसं सोपं होतं. लेक ह्यूस्टनला असते. माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता, त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा काढावा लागला नाही. कानकूनला उतरून गाडीनं वायादोलिदला मुक्काम, साधारण दीडशे किलोमीटर. वाटेत राज्याची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं, आणि त्यावरून जावयांची आणि लेकीची थोडी जुंपली, कारण दुसऱ्या दिवशीची तिकिटं वेळेची होती. मला मात्र दुसरंच काहीतरी खटकत होतं. बराच वेळ काय ते कळेना. मग लक्षात आलं, एवढ्या वाटेत नदीवरचा एकही पूल लागला नाही. ओढासुद्धा नाही. दोन्हीकडे सपाट, बुटकं, घनदाट जंगल, आणि पाणी कुठेच नाही.

जावई तेल कंपनीत भूगर्भाचं काम करतात. त्यांना एवढं विचारायचीच खोटी. "आई, इथे नद्या आहेत, पण जमिनीखाली." सगळा प्रदेश म्हणजे चुनखडीची जाड लादी. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायॉक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि हजारो वर्षं चुनखडी विरघळवत खाली जातं. आत गुहा होतात, गुहांमधून पाणी वाहतं. कधीतरी गुहेचं छत बसतं आणि वरून पाणी दिसायला लागतं. तुलुमकडची एक पाण्याखालची गुहा तीनशेहून अधिक किलोमीटर मोजली गेली आहे. म्हणून तेलाची एवढी बोंब. हे टाकीतलं पाणी नाही, संध्याकाळी सोडून दिलं आणि सकाळी भरलं असं होत नाही. इथे सांडलं ते पुढे कुणाच्या तरी विहिरीत जातं. एवढं ऐकल्यावर मला माझ्या वेणीची जरा लाजच वाटली.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मी वहीत लिहून ठेवली. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जो अशनी पडून डायनोसॉर संपले असं मानतात, तो याच द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला पडला. चिक्शुलूब नावाचं गाव आहे तिथे. विवर साधारण १८० किलोमीटर रुंद, पण आता गाळाखाली पुरलेलं, डोळ्यांना दिसत नाही. मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीसाठी सर्वेक्षण करताना १९७८ च्या सुमारास त्याची पहिली चाहूल लागली. जमिनीवर त्याची खूण काय, तर मेरिदा शहराभोवती अर्धवर्तुळात मांडल्यासारखी सेनोते. आणि त्याच काळात आपल्याकडे दख्खनचा लाव्हा उसळत होता. म्हणजे आमच्या मळ्यातली विहीर ज्या काळ्या पाषाणात सुरुंग लावून खोदली, तो पाषाण आणि तो खड्डा एकाच युगातले. आम्ही बघायला गेलो ती सेनोते त्या अर्धवर्तुळात येत नाहीत, ती त्याच्या बरीच पूर्वेला आहेत. एवढं नीट सांगितल्याशिवाय जावई पुढे जाऊ देत नाहीत.

इक किलच्या आधी सकाळी चिचेन इत्झा पाहिलं होतं. पिरॅमिडबद्दल मी फार लिहीत नाही, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. चारी बाजूंना ९१ पायऱ्या आणि वरची एक, मिळून ३६५. चढायला आता बंदी आहे आणि माझ्या गुडघ्यांच्या वतीनं मी त्या बंदीचं स्वागत करते. मला आवडलं ते नाव. चि म्हणजे तोंड, चेन म्हणजे विहीर. इत्झा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी वसलेलं गाव. आपल्याकडे विहीरगाव असतं तसं. एवढ्या मोठ्या राजधानीची ओळख काय, तर विहीर. आणि विहिरीही दोन. श्तोलोक नावाची पिण्याच्या पाण्याची, आणि दुसरी देवाची. २०१५ साली संशोधकांनी जमिनीत वीजप्रवाह सोडून तपासलं तेव्हा खुद्द पिरॅमिडच्या पोटातही एक सेनोते असल्याचं दिसलं.

देवाच्या विहिरीकडे साकबे नावाचा रस्ता जातो. साकबे म्हणजे पांढरा रस्ता, तीनेकशे मीटरचा. आता त्याच्या दोन्ही बाजूंना जत्रेसारखी दुकानं, आणि प्रत्येक दुकानातून मातीच्या शिट्टीतून काढलेली जॅग्वारची डरकाळी. नातवानं एक घेतली आणि पुढचे तीन दिवस आम्ही ती सोसली. रस्ता संपतो तिथे एकदम विहीर. उभे, तासल्यासारखे कडे, तळाशी शेवाळी हिरवं, हालचाल नसलेलं पाणी. इथे पोहणं नाही, उतरणंही नाही.

इथे चाकला अर्पण करायचे. चाक म्हणजे त्यांचा पर्जन्यदेव. ज्या लोकांनी गाडीला चाक कधी लावलं नाही त्यांच्या देवाचं नाव चाक, याची मला एकटीलाच गंमत वाटत होती. १९०४ पासून एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन माणसानं हा तळ यंत्रानं उपसायला घेतला. त्यानं त्याआधी आख्खी जहागीरच विकत घेतली होती, त्यामुळे अडवणार कोण? पाचूसारखा जेड, सोन्याच्या तबकड्या, तांब्याच्या घंटा, कोपाल धुपाचे गोळे, आणि माणसांची हाडं. बहुतेक सगळं हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात गेलं, काही वस्तू पुढे मेक्सिकोला परत मिळाल्या.

त्या कड्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी चार भाषांत 'कुमारिकांचा बळी' ऐकू येतो. ही कहाणी लोकांना फार आवडते. हाडं आहेत हे खरंच, सोळाव्या शतकातला बिशप दिएगो दे लांदानंही इथल्या बळींबद्दल लिहून ठेवलंय. पण हा तोच लांदा, ज्यानं १५६२ मध्ये मानी गावात मायांच्या पोथ्या जाळल्या. आणि २०२४ मध्ये याच विहिरीजवळच्या एका भूमिगत टाक्यातल्या ६४ मुलांच्या अवशेषांचा डीएनए अभ्यास प्रसिद्ध झाला, ते सगळेच्या सगळे मुलगे निघाले. त्यात जुळे भाऊसुद्धा होते. मला कुमारिकांच्या कहाणीपेक्षा त्या जुळ्यांचा विचार जास्त वेळ छळत राहिला. तळ्याला पाणी लागावं म्हणून सुनेला आत ठेवल्याची गोष्ट आमची आजीही सांगायची, आणि सांगताना डोळे पुसायची. मायांना रानटी म्हणायला माझी जीभ रेटली नाही. पाऊस न येणं म्हणजे काय असतं ते आमच्या तालुक्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

संध्याकाळी वायादोलिदमध्ये सोळाव्या शतकातला सान बेर्नार्दिनोचा मठ बघायला गेलो. मठ ठीक आहे. पण मागच्या अंगणात घुमटाखाली एक प्रचंड विहीर आहे. मठच सेनोतेवर बांधलाय. त्या पाण्याचं माया नाव सिस-हा, म्हणजे गार पाणी. आणि त्यावर चक्क रहाट! जनावर जुंपून फिरवायचा, गाडग्यांनी पाणी वर आणायचा, तसला. हा रहाट स्पॅनिश लोकांनी आणलेला, माया लोक दोरीनं आणि खांद्यानंच पाणी वाहायचे. त्या विहिरीच्या तळाशी पाणबुड्यांना जुन्या बंदुका आणि एक तोफ सापडली. १८४७ मध्ये याच भागात मायांनी गोऱ्या जमीनदारांविरुद्ध उठाव केला, तो पुढे अर्धशतक धुमसत राहिला, त्या काळातल्या. विहिरीत काय काय टाकलं जातं! आमच्या विहिरीत पंप बसला तेव्हा उपसा केला होता, तर सात घागरी, एक फावडं आणि आजोबांचा चष्मा निघाला होता.

त्या रात्री मी हॉटेलवर शांपूनं दोनदा डोकं धुतलं. लेक काही बोलली नाही. फक्त सकाळी तिनं माझ्यासाठी लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट आणि तंग पायजमा काढून ठेवला. दोन्ही माझ्या मापाचे, नवे कोरे. म्हणजे ह्यूस्टनहूनच आणले होते.

दुसऱ्या दिवशी द्झित्नुप गावाजवळच्या श्केकेनला गेलो, वायादोलिदपासून सातेक किलोमीटर. इथली व्यवस्था गावच्या लोकांच्या हातात आहे. फाटकावरच्या बाई पांढऱ्या पोशाखात, गळ्याला आणि घेराला रंगीत फुलांचं भरतकाम. आमच्याशी स्पॅनिश, आणि मागच्या मुलीशी वेगळंच काहीतरी, मधेच घशात अडकून सुटणारे आवाज असलेलं. लेक म्हणाली, "ही माया भाषा." मी वर्गात मुलांना सांगत आले होते, माया संस्कृती लोप पावली. फळ्यावर लिहायचेसुद्धा. मेक्सिकोत साडेसात लाखांहून जास्त लोक आजही ही भाषा बोलतात, आणि त्यातल्याच एका बाईंनी मला पट्ट्यांचं लाल जॅकेट अंगावर चढवून, बकल कशी लावायची ते दाखवलं. मी लेकीकडून शिकून घेतलेलं 'दिओस बोओतिक' म्हटलं. म्हणजे 'देव तुमची परतफेड करो', धन्यवादाच्या जागी. त्या खूप हसल्या. उच्चाराला हसल्या असणार.

शॉवर घेतला. आज मला कुणी तेलाचं विचारलं नाही.

केकेन म्हणजे डुक्कर. गावातलं एक डुक्कर हरवलं, कडक उन्हाळ्यात चिखलानं माखून परत आलं, मालक त्याच्या मागावर गेला आणि ही गुहा सापडली, अशी गोष्ट सांगतात. इक किल वरून उघडं, हे मात्र बंद. जमिनीवरून बघितलं तर काहीच दिसत नाही, नुसतं दगडात भोक. आत वाकून, दोराला धरून, ओल्या पायऱ्यांवरून उतरायचं. माझी समजूत होती की आत गारवा असेल. उलट! जॅकेटाच्या आत घाम फुटावा इतकी दमट ऊब. डोक्यावर चुनखडीचे झुंबरासारखे लोंब, काही पाण्याला टेकलेले. आणि छताच्या मधोमध एकच भोक, घागरीच्या तोंडासारखं, त्यातून उन्हाची तिरीप सरळ पाण्यात. पाणी जिथे तिरीप पडते तिथे निळं, बाकी काळं.

त्या काळ्याशी माझं जमेना. शेवटच्या पायरीवर बसून पाय सोडले तर पाणी चांगलंच गार, आणि लगेच बोटभर मासे पायाला येऊन झोंबायला लागले. नातू मध्यावरून ओरडत होता, "आजी, ये ना!" आणि गुहेनं ते 'ये ना' तीन-चार वेळा परत केलं. लेक माझ्याजवळ बसून राहिली. तिनं ओढलं नाही, समजावलं नाही. तिथे लक्ष ठेवायला असलेला मुलगा मात्र येऊन म्हणाला, "त्रांकिला, सेन्योरा." घाबरू नका. म्हटलं, बाबा, तुला काय माहीत माझ्या मनात कोण बसलंय.

शेवटी उतरले ते शौर्यानं नाही. मागून एक मोठा घोळका आला, पायरीवर गर्दी झाली, आणि मला सरकावं लागलं. सरकले आणि पायाखालची पायरी संपली.

जॅकेटानं मला हनुवटीला धरून वर उचललं, आणि त्याच क्षणी पाठीला पत्र्याचा डबा बांधल्याची जाणीव झाली, जशीच्या तशी. तोच अवघडलेपणा, तेच खांद्याला काचणं. त्या काळीही पहिल्या दिवशी मी डब्यावर रागावले होते. हातांना मात्र सगळं आठवत होतं. दोन हात मारले, पाय आपोआप हलले. पंधरा-वीस हातांवर दोर बांधलेला होता तिथपर्यंत गेले, धरून दम घेतला, आणि मग तसाच दोर सोडून निळ्या तुकड्याकडे गेले. उन्हाच्या तिरपीत स्वतःचे पाय दिसले, पांढरे, सुरकुतलेले, खूप खाली असल्यासारखे. त्याखाली काही नाही. तळ नव्हताच डोळ्यांना. मूठभर गाळ आणायचा प्रश्नच नव्हता, जॅकेटात डोकंसुद्धा बुडवता येत नाही. हा माझा एक राग आहे. पोहता येणाऱ्यालाही इथे खरं पोहता येत नाही, नुसतं तरंगता येतं. नियम कशासाठी ते कळतं, रोज एवढी माणसं सांभाळायची म्हणजे दुसरं काय करणार, तरीही.

मग उताणी झाले. कान पाण्यात गेले आणि सगळा गलका, शिट्टीसुद्धा, एकदम बंद. वर ते भोक आणि त्यातून आभाळाचा गोल तुकडा. आमच्या विहिरीतून आभाळ चौकोनी दिसायचं. भोकाच्या कडेनं वटवाघळं फिरत होती. आसरा काही आल्या नाहीत, किंवा आल्या असतील तर त्यांनी ओढलं नाही. किती वेळ तशी होते कोण जाणे. लेकीनं येऊन खांद्याला हात लावला, तेव्हा मी दचकून पाणी गिळलं. चव दगडासारखी, किंचित जड, आमच्या बोअरच्या पाण्यासारखी. खारट अजिबात नाही.

शेजारीच सामुला. तिथे छतातल्या भोकातून वरच्या झाडाची मुळं पाण्यापर्यंत उतरलीत, वडाच्या पारंब्यांसारखी, काही मनगटाएवढी जाड. झाड वर उन्हात, आणि पाणी प्यायला एवढ्या खाली आलेलं. दुष्काळी भागातल्या झाडाची ही चिकाटी बघून मला तिथेच बसून राहावंसं वाटलं. कपारीत एक निळा-हिरवा पक्षी होता, शेपटीची दोन लांब पिसं घड्याळाच्या लंबकासारखी हलवत. याला इथे तोह म्हणतात. तो दिसला की जवळ पाणी असणार असं जुनी माणसं मानत आली आहेत, कारण तो सेनोतेच्या भिंतीत घरटं करतो. सामुलात उतरायला मला कुणी सांगावं लागलं नाही.

परतताना फाटकाबाहेर टपरीवर चिकू दिसले. विकणाऱ्यानं सापोते म्हटलं, मी म्हटलं हे आमचेच. जावयांनी खाली उतरून सांगितलं की हे झाड मूळचं याच भागातलं, काल बघितलेल्या देवळांच्या दारांवरच्या तुळयासुद्धा चिकूच्याच लाकडाच्या. म्हणजे घोलवडचा चिकूही इथूनच आलेला. चार घेतले. आपल्याकडच्याइतके गोड नव्हते, हे मी जावयांसमोर बोलले नाही.

रात्री हॉटेलवर केस वाळून नुसते काथ्यासारखे झाले होते, चुन्याच्या पाण्यानं. कंगवा फिरेना. पिशवीतून खोबरेलची बाटली काढली, झाकण उघडून तळहातावर ओतणार, तेवढ्यात आतून नातवानं विचारलं, "आजी, उद्या पण सेनोते ना?"

झाकण लावून टाकलं.